बेसबॉलच्या कॅम्पात एक कोयता

अख्ख्या बीड जिल्ह्यात साठी ओलांडल्यावर पाठीवर नंबर घालून बेसबॉल खेळलेला माणूस एकच, अन् तो म्हणजे मी! म्हणजे, तसे आम्ही नऊ होतो. त्यातले तिघं माझ्याहून म्हातारे. अन् खेळलो म्हणजे पाच दिवस, त्यातला दीड दिवस मी लिंबाखाली गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. पण सांगायची सुरुवात अशीच करावी लागते. नाहीतर ऐकतंय कोण?

या कॅम्पाचे किस्से म्हणजे धोतराला चिकटलेली कुसळं. वाटतं एकच आहे. काढायला बसलं की दहा निघतात, अन् शेवटचं नेमकं टोचतं.

तर कॅम्प काढला आमच्या वाघमारे सरांनी. सर म्हणजे गेवराईला शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता रिटायर. तरुणपणी राज्याकडून बेसबॉल खेळलेला माणूस. त्यांच्या डोक्यात आलं की पन्नाशीपुढच्या लोकांना पाच दिवस खरं खेळाडू झाल्यासारखं वाटलं पाहिजे. खरी जर्सी, खरा सराव, अन् शेवटी रविवारी खऱ्या माजी खेळाडूंसोबत मॅच. परदेशात असले कॅम्प असतात म्हणे. तिथं म्हातारे पैसे भरून तोंडावर पडतात. आमच्याकडं फुकट पडतात, एवढाच फरक!

सर अन् मी आठवीपर्यंत एका बाकावर. आम्हाला जळगावकडून बदलून आलेले एक मास्तर होते, त्यांनी बाभळीच्या लाकडाची बॅट करून हा खेळ शिकवला. जिल्ह्याच्या मॅचला टीम जायची होती, त्यात माझं नाव होतं. आदल्या दिवशी मुकादमाचा ट्रॅक्टर आला. आई-बाप ऊसतोडीला निघाले, मी त्यांच्यासोबत ट्रॉलीत. शाळेच्या भिंतीजवळून ट्रॅक्टर गेला तेव्हा हा वाघमाऱ्या मैदानावर पळत होता. त्यानं हात केला. मी ऊस चघळत बसलो होतो, मी नाही केला.

म्हणून सर फोनवर म्हणाले, "येतोस का बे?" तेव्हा मी एकच बोललो. "येतो. पण खऱ्या मॅचमधी, एकदा तरी, पहिल्या बेसवर माझा पाय लागला पायजे. आऊट न होता. बाकी तुझी ट्रॉफी-बिफी तुझ्या घरी ठेव."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात चार कोपऱ्यांना चार ठिकाणं. चेंडू मारायचा, बॅट टाकायची अन् पहिल्या कोपऱ्यावरच्या गादीकडं पळायचं. तिथं चेंडू तुमच्या आधी पोचला की तुम्ही आऊट. तिथून दुसरी, तिसरी, अन् फिरून घरी, म्हणजे मारलं त्याच जागी, आलं की एक रन. झालं. एवढंच. एवढ्यासाठी नऊ जणांनी पाच दिवस सरांचं रक्त आटवलं.

*

नाव लिहून घेताना सरांनी विचारलं, "तुझ्याकडून किती लिहू?"

मी म्हणालो, "एक कोयता लिव."

सरांना वाटलं मी नेहमीसारखी चेष्टा करतोय. त्यांनी लिहिलं, एक.

बुधवारी सकाळी सहाला मी मैदानावर हजर. सोबत आमची कौसल्या. डोक्याला रुमाल, साडीचा कासोटा घातलेला, पायात नातवाचे बूट.

सर म्हणाले, "वैनी सोडायला आल्या वाटतं?"

"सोडायला कावून? एक कोयता सांगितला न्हवता का?"

आता ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. हे बीड जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत आहे, सरांना माहीत नसायला काय झालं? बावीस हंगाम आम्ही असेच गेलो. मी पुढं तोडत जायचो, ती मागून मोळ्या बांधायची, अन् ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायची. कुठंही नाव लिहायचं म्हटलं की माझ्या तोंडातून "एक कोयता" निघतं. त्यात चेष्टा नव्हती हो! पहिल्यांदाच नव्हती, अन् पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवला नाही.

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे बापू, कोयता मलाबी कळतो. पण इथं ऊस हाय का?"

मी मागं बघून माणसं मोजली. "सर, नऊ लागतेत ना? आठच आलेत."

सरांनी दोनदा मोजलं. मग वहीत एकाचं दोन केलं अन् कौसल्येला लांब उजव्या कोपऱ्यात उभं केलं. तिकडं चेंडू सहसा जात नाही.

ती जाताना मला म्हणाली, "तुमाला खेळायचं होतं. मला कशाला आणलं?"

मी म्हणालो, "सवय."

*

जर्सी शिवायचं काम हमीदभाईंकडं. हमीदभाई म्हणजे बसस्टँडजवळचे टेलर, आमच्याच टीममधले खेळाडू, अन् माप घेताना माणसाला गुदगुल्या करण्यात हुशार. सरांनी सांगितलं होतं, ज्याला जो नंबर पाहिजे तो द्या.

दुसऱ्या दिवशी जर्स्या आल्या. माजी सरपंच दादाराव यांच्या पाठीवर एक नंबर. रिटायर तलाठी आप्पा, त्यांच्या पाठीवर एक नंबर. मी घातली, माझ्याही पाठीवर एक नंबर!

सर ओरडले, "हमीदभाई, हे काय हाय?"

हमीदभाई शांतपणे दोरा तोडत म्हणाले, "साहब, सरपंच दुकानात येऊन गेले, बोले एक नंबर. तलाठीसाहेब आले, बोले एक नंबर. आता मला धंदा करायचाय गेवराईत. मी कोणाला दोन नंबर म्हणू?"

"आन् हा बापू?"

"ये तो दो घंटे दुकान में बैठा। मशीनचा पट्टा काढून घेतला. नंबर दिल्यावर परत केला."

कौसल्येला विचारलं तर ती म्हणाली, "उरला असंल तो द्या." तिला नऊ मिळाला. साडीवर जर्सी, त्यावर नऊ. सगळ्यांत तिलाच तेवढी अंगाला बसली होती.

*

आमच्या लोकांना क्रिकेटचा आजार. चेंडू मारला की बॅट घेऊनच पळायचं, टेकवायची, अन् मागं फिरायचं.

तलाठी आप्पांनी पहिल्याच दिवशी झकास मारला. बॅट काखेत घेऊन पहिल्या बेसवर गेले, बॅट टेकवली, अन् तसेच फिरून परत घरी! हात वर करून म्हणाले, "दोन!"

सर म्हणाले, "आप्पा, परत यायचं न्हाई. पुढं जायचं. आन् बॅट तिथंच टाकायची."

"टाकायची म्हंजे?"

"फेकून द्यायची. मारली की सोडायची."

आप्पांचा चेहरा उतरला. "सर, ही बॅट शाळेची ना? म्हंजे सरकारी. बत्तीस वर्षं नोकरी केली, सरकारी वस्तू मी कुटं टाकली न्हाई. पोच द्या, टाकतो."

सरांना वाटलं गंमत आहे. आप्पा जागचे हलेनात. शेवटी सरांनी वहीचं पान फाडून लिहून दिलं, "एक बॅट मिळाली," खाली सही. आप्पांनी घडी करून खिशात ठेवलं. त्यानंतर पाचही दिवस आप्पा चेंडू मारायचे, खाली वाकायचे, बॅट अशी बाळासारखी जमिनीवर निजवायचे, अन् मग पळायचे. तोवर समोरचा माणूस चेंडू घेऊन पहिल्या बेसवर बसलेला असायचा. खरंच बसलेला. मांडी घालून!

*

हे आप्पा अन् सरपंच दादाराव यांचं बांधावरून वाकडं. दादारावांच्या शेताची हद्द आप्पांनी नोकरीत असताना कुठंतरी दोन हात सरकवली, असं दादारावांचं म्हणणं. तेव्हापासून बोलणं बंद. अन् सरांनी नेमकं दोघांना मैदानात शेजारी शेजारी उभं केलं. मी सांगणार होतो. पण म्हटलं, बघू तर खरं.

गुरुवारी एक चेंडू उंच गेला अन् दोघांच्या बरोबर मधे यायला लागला. सर ओरडताहेत, "कोणीतरी 'माझा' म्हणा! माझा म्हणा!"

दोघंही वर बघत उभे. चेंडू आला, मधोमध पडला, अन् थांबला. कोणी उचलेना. तोवर समोरच्यानं चारही बेस फिरून पाणी प्यायलं.

सर पळत आले. "अहो, उचला ना!"

आप्पा सरांकडं बघून म्हणाले, "त्यांना सांगा, तो त्यांच्या हद्दीत पडलाय."

दादाराव पण सरांकडंच बघून म्हणाले, "मोजणी आणा. मोजणी झाल्याबिगर मी हात लावणार न्हाई."

सरांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. ती टोपी पण दोघांच्या मधेच पडली. ती तरी कोण उचलणार?

*

आता माझा एक गुन्हा कबूल करतो.

शिवरात्र नुकतीच झालेली, त्यामुळं बाजारात कवठं होती. कवठाचा आकार बघा अन् बेसबॉल बघा. देवानं जणू माझ्यासाठीच केलं! एक चांगलं गोल कवठ घेतलं, दगडावर घासलं, चुना लावला, अन् कौसल्येच्या करंड्यातल्या कुंकवानं वर टाके काढले. शुक्रवारी सरांच्या पिशवीत इतर चेंडूंत मिसळून दिलं. दादारावांनी मारावं अशी इच्छा होती. सरपंच असताना त्यांनी आमच्या वस्तीच्या नळाला दोन वर्षं पाणी येऊ दिलं नव्हतं.

पण सर म्हणाले, "आज मी दाखवतो बॅट कशी फिरवायची. सगळे नीट बघा."

हमीदभाईंनी पिशवीतून हाताला आलं ते फेकलं. सरांनी बॅट फिरवली. काय सुंदर फिरवली! सत्तरीला टेकलेला माणूस, पण कंबर अशी वळली की बस्स.

फाट्!

सरांच्या पांढऱ्या ड्रेसवर, चष्म्यावर, मिशीत, सगळीकडं कवठाचा गर. सरांनी मिशीवरचा गर जिभेनं चाखला अन् माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बापू, गूळ कमी हाय. मैदानाला दहा चकरा."

दहा चकरांत सातव्या चकरेला गुडघा गेला. दीड दिवस लिंबाखाली बसलो तो याच्यामुळं. कौसल्या तेल लावताना म्हणाली, "माझा करंडा मोडलाव, आता गुडगा मोडा."

*

तिचं सांगायचं राहिलं. चार दिवसांत उजव्या कोपऱ्यात एकदाच चेंडू गेला. उंच. तिच्या हातात ग्लोव्ह होता, चामड्याचा. तिनं तो काढून खाली ठेवला, पदर दोन्ही हातांनी पसरला अन् चेंडू पदरात झेलला. दाणे झेलावेत तसा.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर पळत गेले, खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. "वैनी, कपड्यात झेललेला चालत न्हाई. नियमात न्हाई."

ती म्हणाली, "ही कातड्याची पिशवी चालती, आन् माझा पदर चालत न्हाई?"

सरांनी पुस्तक पुढं चाळलं, मागं चाळलं. मग म्हणाले, "चेंडू तरी द्या."

तिनं तिथूनच फेकला. एवढ्या लांबून, सरळ, सरांच्या छातीशी. जवारीच्या रानात पाखरं हाणायची सवय. सर दोन पावलं मागं सरकले अन् माझ्याकडं बघायला लागले. म्हणजे काय? मी काय केलं आता?

*

माझी स्वतःची हालत सांगतो. सरांनी मला पाच दिवसांत एकच गोष्ट शंभरदा शिकवली. "बापू, मारलं की सरळ पळ. मागं बघू नको. बाजूला बघू नको. कोण काय म्हणतंय ऐकू नको. पहिल्या बेसपर्यंत तू आंधळा अन् बहिरा!"

बुधवारी मारला, पडलो. गुरुवारी मारला, आऊट. शुक्रवारी कवठाच्या आधी मारला, तो मात्र असा लागला की सगळे म्हणाले आज बापू पोचला! मी सुटलो. पहिला बेस दहा पावलांवर. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज, "राम राम, पाव्हणं!"

बघतो तर आमचे व्याही. पोरीचे सासरे. बाजाराला आले होते, मैदानावर गर्दी दिसली म्हणून थांबले.

मी थांबलो. दोन्ही हात जोडले. "राम राम! कवा आलाव? घरी सगळे बरे?"

"आऊट!"

सर आले ते धावतच. "बहिरा व्हायचं सांगितलं होतं ना बे तुला!"

"सर, व्याही हाय! व्याह्यासमोरून तोंड फिरवून पळत जायचं? माझ्या लेकीला तिथं नांदायचं हाय!"

व्याही कुंपणावरून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या, माझ्यामुळं थांबू नका." आता काय चालू देता! बेसवरचा माणूस चेंडू खिशात घालून चहा प्यायला गेला होता.

त्या दिवशी घरी जाताना मी खाली मान घालून लंगडत चाललो होतो. कौसल्येनंच काढलं. "एवढं काय हाय त्या गादीवर?" मी सांगितलं, ट्रॉलीतून बघितलं होतं, तेव्हापासूनचं राहिलंय. तिनं नुसता माझा ग्लोव्ह तिच्या पिशवीत टाकला.

*

रविवार. मॅच. माजी खेळाडूंची टीम आली. त्यांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, एक पोलिसातली बाई. राज्याकडून खेळलेली. तिचा हात फिरला की चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. आमची दया येऊन ती हळू टाकत होती, तरी हमीदभाई प्रत्येक चेंडूला डोळे मिटून "या अल्ला" म्हणत होते.

त्यांची दया अन् आमचं नशीब, शेवटच्या डावाला चार-चार बरोबरी! कुंपणाला शंभर माणूस. व्याही पण परत आलेले. मी आधीच त्यांना हात जोडून सांगून ठेवलं, "पाव्हणं, आज राम राम करू नका. पाया पडतो."

बॅट आमच्याकडं, पहिली कौसल्या. तिनं बॅट खांद्यावर ठेवली ती ठेवलीच. चार चेंडू वाकडे आले, चारही सोडले. नियमानं तिला फुकटात पहिला बेस मिळाला. पोलीसबाईनं विचारलं, "मावशी, मारलं का न्हाई?" कौसल्या म्हणाली, "वाईट टाकल्यावर कावून मारायचं? भाजी घेताना सडकी घेतेत का?"

म्हणजे बघा! पाच दिवस मी ज्या गादीसाठी गुडघे फोडले, तिच्यावर ही बाई बॅट न हलवता जाऊन उभी राहिली. वर मला हात करून दाखवतेय. माझं डोकं असं फिरलं!

मग हमीदभाईंनी डोळे मिटून मारला, तो लांब गेला. कौसल्या कासोटा सावरत तिसऱ्या बेसवर. हमीदभाई मात्र पडलेली टोपी उचलायला थांबले अन् आऊट.

आता मी. एक आऊट, बायको तिसऱ्यावर, बरोबरी. ती घरी पोचली तर आम्ही जिंकलो. पण मला त्याचं काय? मला पहिला बेस पाहिजे होता. सर पहिल्या बेसजवळ उभे राहून डोळ्यांवर हात ठेवून दाखवत होते. आंधळा. कानावर हात. बहिरा.

पोलीसबाईनं टाकला. मी मारला. लागला! जमिनीवरून टप्पे घेत तिच्याच बाजूला गेला. मी सुटलो. गुडघा म्हणतोय थांब, मी म्हणतोय गप. गादी दिसतेय. पाच पावलं. चार. सर ओरडताहेत, "मागं बघू नको!" तीन.

अन् मी मागं बघितलं.

कौसल्या निघाली होती. नातवाचे बूट, साडी, पाठीवर नऊ. पडती की काय असं वाटलं. नाही पडली. घरच्या गादीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात माझ्यासमोर "टप्" आवाज झाला. चेंडू पहिल्या बेसवर. मी एका पावलावर.

मी आऊट. पण ती आधीच घरी पोचलेली, तिचा रन धरला. आम्ही जिंकलो.

लोक आत घुसले. आप्पांनी दादारावांना मिठी मारली, मग लक्षात आलं अन् सोडली. सर माझ्याजवळ आले अन् खांदा दाबून पुढं गेले. माझ्या डोक्यात नुसता जाळ. एक पाऊल! पन्नास वर्षं थांबलो अन् एक पाऊल!

कौसल्या धापा टाकत आली. मी तिच्यावरच ओरडलो. "तुझ्यामुळं! तू पोचलीस का न्हाई ते बघायला वळलो, म्हणून हुकला माझा पाय! न्हाईतर लागला होता!"

तिनं रुमालानं तोंड पुसलं, बुटातला खडा काढला, अन् म्हणाली,

"बावीस वर्षं डोक्यावर मोळी घिऊन फळीवरून चढले. तवा एकदा बी वळून बघितलं न्हाई. आन् आज बरं सुचलं!"